परीक्षेतील घड्याळ

अथेन्स हे ग्रीस देशातील प्राचीन नगर. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी तेथील न्यायसभेत वादी व प्रतिवादी यांना आपापली बाजू स्वतःच उभे राहून मांडावी लागे. कोणी किती वेळ बोलावे हे ठरविण्याचे काम एका मातीच्या भांड्याकडे सोपविलेले असे. भांड्याच्या बुडाशी बारीक नळी बसविलेली असे. तीतून पाणी वाहू लागले की भाषण सुरू व्हायचे आणि पाणी सरले की वक्त्याने थांबायचे. असे एक भांडे अथेन्सच्या जुन्या बाजारचौकातील उत्खननात सापडले आहे. त्यात दोन मापे पाणी मावते व ते सुमारे सहा मिनिटांत रिकामे होते. उभय पक्षांना पाणी सारखेच मिळे. परंतु सर्व दाव्यांना मात्र ते सारखे नसे. लहान रकमेच्या दाव्यात पहिल्या भाषणाला पाच मापे, तर पाच हजार द्राख्मांहून मोठ्या दाव्यात दहा मापे पाणी दिले जाई. याहून लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. अशा दाव्यात कारकून कायद्याचे कलम किंवा साक्षीदाराचा जबाब वाचून दाखवू लागला, की वाचन संपेपर्यंत नळीचे तोंड बंद करून ठेवीत. वाचनात गेलेला वेळ बोलणाऱ्याच्या वेळेतून कापला जाऊ नये, एवढी काळजी त्या लोकांनी घेतलेली होती.

वेळ मोजायची ती कोणाची अडवणूक करण्यासाठी नव्हे, तर दोघांना समान वागणूक मिळावी म्हणून, हा विचार या व्यवस्थेच्या मुळाशी दिसतो. शाळेच्या परीक्षेत घड्याळ आले तेही प्रथम याच विचाराने आले.

शालेय परीक्षेला तासांचे बंधन ही गोष्ट फारशी जुनी नाही. पूर्वीच्या काळी महाराष्ट्रातील गावोगावच्या शाळांत परीक्षा बहुतेक तोंडी होत असे. डेप्युटी शाळेत आले, की मुलांना ओळीने उभे करून प्रश्न विचारीत. एखाद्याच्या वाट्याला ‘पंचवीस पाचे’ येई आणि तो क्षणात ‘सव्वाशे’ म्हणून मोकळा होई. त्याच्याच शेजारी उभ्या असलेल्या मुलाला पाउणकी किंवा दिडकीतला एखादा अडनिडा पाढा विचारला जाई आणि त्याची जीभ टाळूला चिकटे. एक उत्तीर्ण झाला व दुसरा अनुत्तीर्ण, यात विद्येचा भाग किती आणि दैवाचा किती हे सांगणे अवघड होते.

अमेरिकेतील बॉस्टन शहरातही परीक्षेची हीच रीत होती. शाळा-समितीचे सभासद वर्षातून एकदा येऊन मुलांना तोंडी प्रश्न विचारीत. १८४५ साली सॅम्युएल ग्रिडली हाऊ यांच्यासारख्या सुधारणावादी सभासदांनी ही पद्धत बदलली. हाऊ हे मॅसॅच्युसेट्स राज्याच्या शिक्षण मंडळाचे सचिव होरेस मान यांचे स्नेही. समितीने छापील प्रश्न तयार करविले, शहरातील निवडक पाचशेहून अधिक विद्यार्थ्यांना ते एकाच वेळी दिले आणि प्रत्येक विषयाला एक तास ठरवून दिला. तीस मुलांच्या वर्गात तासभर तोंडी परीक्षा घेतली, तर एकेका मुलाच्या वाट्याला दोनच मिनिटे येतात. लेखी परीक्षेत तोच तास प्रत्येकाला अखंड मिळतो. सर्वांना तेच प्रश्न आणि तेवढाच वेळ दिल्यामुळे परीक्षकाच्या लहरीला वाव उरला नाही. तासाचे बंधन हे अशा रीतीने न्यायाचे साधन म्हणूनच शाळेत आले.

त्याच १८४५ साली इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठात मात्र घड्याळाची दुसरी बाजू दिसून आली. तेथील गणिताची ‘ट्रायपॉस’ परीक्षा अनेक दिवस चाले व तिच्यात पहिला येणाऱ्यास ‘सीनिअर रँग्लर’ म्हणत. त्या वर्षी विल्यम टॉमसन नावाचा तरुण पहिला येणार अशी सर्वांची खात्री होती. प्रत्यक्षात स्टीफन पार्किन्सन पहिला आला व टॉमसन दुसरा. पार्किन्सनने झपाट्याने उत्तरे लिहिण्याचा कसून सराव केला होता, असे त्याचे कारण सांगितले जाते. खासगी शिक्षक लावून असा सराव करण्याचा तेथे प्रघातच पडला होता. थोड्याच दिवसांनी ‘स्मिथ पारितोषिका’ची परीक्षा झाली. तिच्यात वेगापेक्षा सखोल विचाराला अधिक महत्त्व असे, आणि त्या परीक्षेत तेच दोघे उलट क्रमाने आले. टॉमसन पुढे लॉर्ड केल्व्हिन या नावाने जगप्रसिद्ध झाला. तापमानाच्या एका मापाला आज त्याचे नाव आहे.

पार्किन्सन कमी बुद्धीचा होता, असे यावरून कोणी मानू नये. तो उत्तम गणिती होता. दोन परीक्षांनी दोन निराळे गुण मोजले, एवढेच. या ट्रायपॉसशी महाराष्ट्राचेही नाते आहे. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे १८९९ साली एका इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने सीनिअर रँग्लर ठरले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय, आणि ‘रँग्लर’ हे बिरुद त्यांच्या नावापुढे कायमचे जडले. पुढे दहा वर्षांनी, १९०९ नंतर, ही क्रमवार यादी प्रसिद्ध करण्याची प्रथा विद्यापीठाने बंद केली. या परीक्षेवर कठोर टीका करणाऱ्यांत जी. एच. हार्डी हे अग्रभागी होते. श्रीनिवास रामानुजन यांना केंब्रिजला बोलावून घेणारे ते हेच हार्डी. स्वतः १८९८ साली चौथा क्रमांक मिळविलेल्या माणसाने ही टीका करावी, याला अर्थ आहे. नापास झालेल्याची तक्रार म्हणून ती कोणाला झिडकारता आली नाही.

विसाव्या शतकात घड्याळाचा काटा आणखी जवळ येऊन उभा राहिला. पहिल्या महायुद्धात अमेरिका १९१७ साली उतरली, तेव्हा लक्षावधी रंगरुटांची बुद्धी थोड्या काळात पारखून घेण्याची निकड सैन्याला भासली. त्यासाठी सामुदायिक चाचण्या तयार झाल्या. युद्ध संपेपर्यंत सतरा लाखांहून अधिक माणसांची परीक्षा झाली. या चाचणीच्या एका भागात शब्दांच्या चाळीस जोड्या दिलेल्या असत, आणि जोडीतील शब्द समानार्थी की विरुद्धार्थी हे ओळखण्यास दिलेला वेळ होता दीड मिनिट. फारच थोड्यांनी सर्व प्रश्न पुरे करावेत अशा बेतानेच ही योजना केलेली होती. या कामात भाग घेतलेले कार्ल ब्रिघम यांच्या नेतृत्वाखाली महाविद्यालयीन प्रवेशासाठी एक नवी चाचणी तयार झाली व १९२६ साली ती प्रथम घेण्यात आली. तिच्यात सत्त्याण्णव मिनिटांत तीनशे पंधरा प्रश्न सोडवायचे होते. म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम अठरा सेकंद. एवढ्या वेळात प्रश्न नीट वाचूनही होत नाही. पुढील तीन वर्षांतच चाचणीचे विभाग कमी करून प्रत्येक प्रश्नाला अधिक वेळ देण्यात आला.

वेगाची परीक्षा मुळातच अन्यायाची असते काय? तसे म्हणता येणार नाही. टंकलेखनाच्या शासकीय परीक्षेत मिनिटाला तीस किंवा चाळीस शब्द अशी गतीच मोजतात. तेथे विद्यार्थ्याला वाटेल तेवढा वेळ दिला, तर परीक्षेला काही अर्थच उरणार नाही. लघुलेखनाचेही तसेच. स्पर्धापरीक्षांत जागा थोड्या व उमेदवार फार असल्यामुळे वेगालाही काही मोल द्यावे लागते. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेत प्रत्येक पेपरात पंचाहत्तर प्रश्नांसाठी नव्वद मिनिटे असतात. म्हणजे एका प्रश्नाला बहात्तर सेकंद पडतात, आणि त्यातच उत्तराचे वर्तुळ रंगवायचे असते. मुले त्यासाठी वर्षभर सराव करतात; परीक्षेचे स्वरूप त्यांना आधीपासून ठाऊक असते. जेथे वेग हाच गुण तपासायचा आहे आणि तसे अगोदर सांगितलेले आहे, तेथे घड्याळाबद्दल कुरकुर करण्यास जागा नाही.

वर्गातील चाचणीची गोष्ट निराळी आहे. शिक्षकाने महिनाभर अपूर्णांक शिकविले. मुलांना ते समजले की नाही, हे त्यास पाहावयाचे आहे. समजा, पस्तीस मिनिटांच्या तासिकेत त्याने वीस गुणांची पाच उदाहरणे दिली. एका मुलाने पाचही सोडविली. त्यांपैकी तीन बरोबर आली व दोन चुकली. दुसऱ्याने तीनच सोडविली. तीही अचूक, नीटनेटकी, ताळा करून पाहिलेली. चौथ्या उदाहरणाचा आकडा घातला तोच घंटा झाली. दोघांच्या नावापुढे पुस्तकात बारा हा एकच आकडा पडतो. परंतु पहिल्याला दोन गोष्टी येत नाहीत हे खरे, तर दुसऱ्याला त्या येतात की नाही हे कोणी पाहिलेलेच नाही. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर चुकले, असा निकाल त्याच्यावर देण्यात आला. वीसपैकी बारा हे एका चाचणीत फार नुकसानीचे नाही; पण वर्षभर प्रत्येक विषयात हेच होत राहिले, म्हणजे ‘हा मुलगा बेताचा आहे’ असे शिक्षक म्हणू लागतात, घरची माणसे म्हणू लागतात, आणि कालांतराने तो मुलगाही तसेच मानू लागतो.

सावकाश लिहिणाऱ्या मुलाला आळशी म्हणून मोकळे होणे सोपे असते. आळस हे कारण कधी कधी असतेही. पण नंदुरबारच्या किंवा मेळघाटच्या डोंगरातून आलेल्या मुलीच्या घरी भिल्ली वा कोरकू बोलली जाते. पुस्तकी मराठीतील प्रश्न तिला प्रथम मनातल्या मनात उलगडून घ्यावा लागतो. उत्तर तिला ठाऊक असते. वेळ जातो तो प्रश्नाच्या दारातून आत शिरण्यात. एखाद्याचे अक्षर सुवाच्य असावे म्हणून घरून धाक असतो. एखादा प्रत्येक उदाहरणाचा दोनदा ताळा पाहतो; ही सवय त्याला शाळेनेच लावलेली असते, आणि तिच्याबद्दल त्याचे गुण शाळाच कापते! कोणाची नजर अधू असते आणि ती गोष्ट अजून कोणाच्या ध्यानात आलेली नसते. या सर्वांना मंदबुद्धी या एकाच पोत्यात भरणे शहाणपणाचे नाही.

यावर पुष्कळ आक्षेप घेतले जातात, आणि ते सगळेच पोकळ नाहीत. पुढच्या तासिकेचे शिक्षक दाराशी उभे असतात. शिपायाने घंटा दिलेली असते. साठ मुलांचा वर्ग एका मुलासाठी खोळंबून राहू शकत नाही. पुढे आयुष्यात गाडी कोणासाठी थांबत नाही, तेव्हा वेळेत काम पुरे करण्याची सवय लहानपणीच लागलेली बरी, असेही पालक म्हणतात. वेळेची शिस्त शिकविली पाहिजे यात शंका नाही. तथापि शिस्त शिकविणे एक आणि अपूर्णांकांच्या गुणांतून शिस्तीचे गुण वजा करणे दुसरे. दोन्ही एकाच आकड्यात मिसळले, म्हणजे त्या आकड्यावरून कशाचाच नीट बोध होत नाही.

‘एकाला अधिक वेळ दिला, तर इतरांवर अन्याय होत नाही काय?’ असाही प्रश्न विचारला जातो. भारतात या प्रश्नाचा विचार कायद्याच्या पातळीवर झालेला आहे. केंद्र शासनाने २०१३ साली दिव्यांग परीक्षार्थींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत तासाला किमान वीस मिनिटे देण्याचे ठरले, आणि त्या वेळेला ‘जादा वेळ’ न म्हणता ‘भरपाईचा वेळ’ म्हणावे असे सुचविले. शब्दांचा हा फरक दिसतो तेवढा किरकोळ नाही. जादा ही मेहेरबानी असते. भरपाई ही हक्काची असते. २०२१ साली वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत लेखनदोष असलेल्या एका विद्यार्थिनीला तिच्या हक्काचा हा एक तास मिळाला नाही. इतरांबरोबरच तिची उत्तरपत्रिका काढून घेण्यात आली. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचे स्पष्ट शब्दांत सांगितले. परीक्षा पुन्हा घेण्याचा आदेश मात्र दिला नाही. झालेल्या चुकीची दुरुस्ती कशी करता येईल याचा विचार करण्यास परीक्षा घेणाऱ्या संस्थेला सांगितले. गेलेला तास परत देणे न्यायालयालाही किती कठीण असते, हे यावरून दिसते.

इतर मुलांच्या तक्रारीचे उत्तरही यातच आहे. मूळ वेळ पुरेशी असेल, तर कोणा एकाला आणखी वीस मिनिटे दिल्याने बाकीच्यांचे काहीच जात नाही. त्यांनी लिहावयाचे ते लिहून झालेले असते व उरलेला वेळ ती खिडकीबाहेर पाहण्यात घालवितात. त्या वीस मिनिटांचा सर्वांनाच हेवा वाटू लागला, तर वेळ मुळातच सर्वांना अपुरी होती असे समजावे. तेथे दोष सवलतीचा नसून प्रश्नपत्रिकेचा असतो.

सर्वांनाच वेळ अपुरी पडेल हे ओळखून ती वाढवून दिल्याचे उदाहरणही महाराष्ट्रात आहे. कोरोनाच्या साथीत शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या. मुले पडद्यावर पाहून शिकली. हाताची लिहिण्याची सवय मोडली. २०२१ साली दहावी-बारावीच्या लेखी परीक्षा होऊच शकल्या नाहीत. २०२२ साली त्या घेताना राज्य मंडळाने सत्तर ते शंभर गुणांच्या पेपराला अर्धा तास आणि चाळीस ते साठ गुणांच्या पेपराला पाव तास वाढवून दिला. मुलांचे ज्ञान तपासायचे आहे, बोटांचा सराव नव्हे, हे त्या निर्णयाने मान्य केले. याच मंडळाच्या परीक्षेत पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी वाचावयास मिळत असे. ती बाहेर फुटू लागल्यामुळे २०२३ साली ही सवलत काढून घेतली व त्याऐवजी पेपराच्या अखेरीस दहा मिनिटे देण्यात आली. मिनिटे तेवढीच राहिली. पण आरंभीची दहा मिनिटे शांतपणे वाचण्याची असतात आणि अखेरची दहा धावपळीची. अथेन्सच्या कारकुनाला हा भेद बरोबर कळला असता.

वर्गातील चाचणीला वेळ किती द्यावा, याचे गणित अवघड नाही. शिक्षकाने स्वतःची प्रश्नपत्रिका प्रथम स्वतः सोडवून पाहावी. उत्तरे तोंडात घोळवून नव्हे, तर कागदावर पूर्ण लिहून. त्यास दहा मिनिटे लागली, तर माध्यमिक शाळेतील मुलांना तीस ते चाळीस मिनिटे लागतील असा अनुभवी शिक्षकांचा अंदाज असतो. पुष्कळ प्रश्नपत्रिका या साध्या कसोटीलाच उतरत नाहीत, कारण काढणाऱ्याने त्या कधी सोडवून पाहिलेल्याच नसतात. चाचणी झाल्यावर दुसरी पारख करता येते. परीक्षाशास्त्रात असा एक ठोकताळा आहे की, शंभरपैकी निदान ऐंशी विद्यार्थी शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचले आणि तीनचतुर्थांश प्रश्नांपर्यंत झाडून सगळे पोचले, तर ती परीक्षा वेगाची नव्हती असे मानावे. गठ्ठ्यातील उत्तरपत्रिकांची शेवटची पाने चाळली, की हा हिशेब पाच मिनिटांत होतो. निम्म्या वर्गाची शेवटची पाने कोरी असतील, तर वर्गाला रागे भरण्यापूर्वी पाचाऐवजी चार उदाहरणे द्यावीत. तासिका वाढविता येत नाही. प्रश्न कमी करता येतात.

काही शाळांत याहूनही सोपी रीत पाहावयास मिळते. घंटा झाली की प्रत्येक मुलाने आपल्या उत्तरपत्रिकेवर एक आडवी रेघ ओढावयाची. ज्यांचे लिहून झाले त्यांनी कागद द्यावेत. ज्यांचे राहिले असेल त्यांनी मधल्या सुट्टीत रेघेखाली पुढे लिहावे. शिक्षक दोन्ही भाग तपासतो आणि गुण दोन ठिकाणी मांडतो. पुस्तकात कोणते गुण धरावयाचे ते शाळेच्या नियमाप्रमाणे ठरते. पण घंटेच्या वेळी ज्या दोघांचे बारा-बारा गुण होते, त्यांपैकी पहिल्याच्या रेघेखाली काही नसते आणि दुसऱ्याच्या रेघेखाली दोन उदाहरणे सुटलेली असतात. पहिल्याला चुकलेली दोन उदाहरणे पुन्हा समजावून द्यावयाची आहेत, दुसऱ्याला हात थोडा चालविण्याचा सराव द्यावयाचा आहे, हे शिक्षकाला त्याच दुपारी कळलेले असते.